आखाजीची रजा

चुडामण आबांना माणसांची नावं आठवत नसत, पण कलमं तोंडपाठ होती. नातसुनेचं नाव तीन वर्षांत त्यांच्या तोंडात बसलं नाही. तिला ‘बेटा’ म्हणून वेळ मारून नेत. मात्र हंगामी कामगार कायद्याचं सातवं कलम विचारा, चहाचा कप हातात तसाच धरून उपकलमांसकट म्हणून दाखवत, आणि चहा थंड झाला की बायकोवर चिडत. तीनदा आमदार, अडीच वर्षं राज्यमंत्री, एकदा सपाटून पडलेले. धुळ्यात देवपुरातल्या त्यांच्या बंगल्यावर येणारा माणूस मात्र त्यांना ‘कायदेवाले आबा’ म्हणूनच ओळखायचा.

कायदा होताच तसा. चौऱ्याऐंशी सालापर्यंत खानदेशातल्या जिनिंगमध्ये, तेलाच्या गिरण्यांत, डाळ मिलमध्ये राबणारा माणूस कोणाच्या गणतीतच नव्हता. हंगाम आला की बोलवायचं, सरला की हाकलायचं. आबांच्या कायद्यानं सांगितलं, सलग तीन वर्षं काम केलं की माणूस कायम. मग त्याला दवाखाना, अपघाताची भरपाई, म्हातारपणी पेन्शन. आणि सातव्या कलमात एक गोष्ट होती जी देशातल्या दुसऱ्या कुठल्याच कायद्यात नाही, असं आबा भाषणात ठासून सांगत. बाई कामगारांना आखाजीची आठ दिवस रजा.

बाहेरच्यांना आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, सोनं घ्यायचा दिवस. खानदेशात ती लेकीबाळींची. कडुनिंबाला झोका, घरोघरी आमरस नि खापरावरची पुरणपोळी, पितरांची घागर, आणि सासरी राबणारी लेक आठ दिवस माहेरी. पण त्याच दिवसाची एक दुसरी बाजूही होती, आणि ती आबांच्या घरानं चांगली पाहिलेली. वर्षाच्या बोलीवर शेतात राबणाऱ्या सालदाराचं साल आखाजीला सरतं. आबांचे वडील पारोळ्याकडे एका पाटलाच्या शेतात सालदार होते. वर्षभर मालकानं ऊठ म्हटलं की उठायचं, आणि आखाजीला मागचं सगळं पुसून नवं साल धरायचं. मागची वीस सालं कोणी मोजत नसे. फक्त त्या एका सकाळी सालदार ‘नाही धरत’ म्हणू शकायचा, आणि मालकाला ते मुकाट ऐकून घ्यावं लागायचं. वडिलांनी आयुष्यात एकदाच तसं म्हटलं होतं. त्या दिवशी घरी खायला काही नव्हतं, तरी ते ओट्यावर ताठ बसले होते, हे आबांना लख्ख आठवायचं.

चौऱ्याऐंशीच्या आखाजीलाच आबांची आई गेली. धाकटी बहीण मंजुळा तेव्हा जळगावच्या एका डाळ मिलमध्ये डाळ निवडायला होती. मिलनं रजा दिली नाही. आई सकाळपासून दारात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत होती, “मनी मंजी उनी का?” दुपारी विचारायची थांबली. मंजुळा पोहोचली तेव्हा राख सावडायचीच राहिली होती. तिथून सातवं कलम जन्माला आलं. ही गोष्ट खरी होती. आबांनी ती दोनशे सभांत सांगितली असेल, आणि दर सभेत त्यांचे डोळे खरोखर भरून आले.

कायदा झाला त्याच्या पुढच्या आखाजीला बायांनी झोक्यावरच्या गाण्यात आबांचं नाव गुंफलं.

*चुडामण भाऊनी आखाजी दिन्ही,*
*मिलना भोंगा निजू दे वं माय, निजू दे.*

मंत्रिपद आलं नि गेलं, पण ह्या दोन ओळींनी आबांना जे दिलं ते कुठल्या खुर्चीनं दिलं नाही.

यंदा आबांना एक्क्याऐंशी पूर्ण झाली. सहस्रचंद्रदर्शनाचा मोठा सत्कार ठरला, तोही आखाजीच्या आदल्या दिवशी, धुळ्यात. प्राध्यापक योगेंद्र गौरवग्रंथ तयार करत होते. रोज संध्याकाळी ते छापायच्या पानांचं बाड घेऊन यायचे आणि आबा चष्मा लावून स्वतःचं मोठेपण तपासत बसायचे. ‘आखाजीची रजा’ ह्या प्रकरणात मंजुळाबाईचा झोक्यावरचा जुना फोटो पानभर टाकला होता. मंडपाची जबाबदारी स्वागताध्यक्षांनी घेतली होती. स्वागताध्यक्ष म्हणजे त्याच डाळ मिलचे आताचे तरुण शेठ. आबांना त्यात काही वावगं वाटलं नाही, उलट काळ किती बदलला, असं ते योगेंद्रांना कौतुकानं म्हणाले.

मार्चअखेरीस एका दुपारी मंजुळाबाई आली. सत्तरी ओलांडलेली, वाळून काटकी झालेली, पण चाल अजून मिलच्या बाईची, भरभर. हातातल्या पिशवीत कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाचा वानोळा होता. बरोबर एक वकीलबाई होती, नूतन नावाची.

इंदिराबाईंनी, म्हणजे आबांच्या पत्नीनं, पाणी दिलं. नूतननं पेला खाली ठेवला आणि सरळ कामाला हात घातला.

“आबा, त्रेचाळीस बायांची केस आहे. अकरा तर वाट पाहून वारल्या. तीस-तीस वर्षं काम करून एकीलाही पेन्शन नाही, कारण मिलच्या दप्तरात एकीचीही तीन वर्षं सलग नाहीत. आखाजीच्या रजेआधी बिल्ला जमा करायचा, परत आल्यावर नवा बिल्ला, नवा नंबर. म्हणजे दर वर्षी नवी भरती. पुरुषांना आखाजीची रजा नव्हती, ते सगळे कायम झाले.”

आबा पिशवीतल्या वानोळ्याकडे पाहत होते.

“नऊ वर्षं केस चालल्यावर मिलनं आता सांगितलंय, की हे चौऱ्याऐंशी सालीच युनियनशी ठरलं होतं. बायांची सभा झाली, सगळ्यांनी मान्य केलं, करारामागे अंगठे आहेत. मूळ कागद ते पुढच्या तारखेला दाखल करणार आहेत. युनियनचे अध्यक्ष तेव्हा तुम्हीच होतात. अशी सभा झालीच नाही, एवढं तुम्ही शपथेवर सांगितलं की करार गेला. तुमच्याच कायद्याचं अकरावं कलम आहे, सभेशिवाय केलेला करार रद्द.”

“बारावं,” आबा म्हणाले.

“भाऊ, माले कायदा समजस नही,” मंजुळाबाई म्हणाली. “आंगठा आम्ही रजा मांगाले लावा व्हता. तूच कागद लई उनथा, पहिला आंगठा मना लावा. तू फक्त ये, नि जे व्हयनं ते सांग.”

आबांनी मान हलवली. येतो म्हणाले. ती खूश झाली, उठून वहिनीला पीठ कसं भिजवायचं ते उगाच समजावून सांगू लागली, जसं काही इंदिराबाईंनी जन्मात कळण्याची भाकरी केली नव्हती.

ती गेल्यावर आबा अंगणातल्या खुर्चीत बसले ते दिवे लागले तरी उठले नाहीत. जे झालं होतं ते जगात तीनच माणसांना ठाऊक होतं. जुने शेठ, त्यांचा कारकून आणि आबा. पहिले दोघं मरून गेले होते.

झालं होतं ते पारोळ्याच्या विश्रामगृहात, चौऱ्याऐंशीच्या जुलैत. विधेयक अडलं होतं. मिलवाल्यांची मुंबईत वट होती, आणि त्यांच्या वतीनं जुने शेठ आले होते. “पुरुषांना कायम करा, आम्ही आडवे येत नाही,” ते म्हणाले, “पण मिलमध्ये चारातले तीन हिस्से बाया आहेत. त्यांना कायम केलं तर मिलला कुलूपच. तुम्हाला आखाजीची रजा पाहिजे ना? घ्या. तुमच्याकडे सालदाराचं साल आखाजीलाच सरतं की नाही? मग बायांचंही तसंच धरू. रजेवरून आल्या की नवं साल.” आणि वर हसून म्हणाले, “रीत तुमचीच आहे, आबा.”

आबा तेव्हा एकोणचाळीस वर्षांचे होते. सालदाराचा मुलगा म्हणून निवडून आले होते. त्यांना त्याच क्षणी उठून जाता आलं असतं. ते उठले नाहीत. सगळी भाकरी मिळत नसेल तर अर्धी तरी पदरात पडते आहे, असं त्यांनी मनाला समजावलं. अर्धी कोणाच्या पदरातली काढून, हे मनानं विचारलं नाही. करारासाठी बायांच्या सभेचं इतिवृत्त पाहिजे होतं. बायांनी रजेच्या मागणीवर दिलेल्या अंगठ्यांची पानं आबांच्या पिशवीतच होती. ती त्यांनी काढली आणि कराराच्या मागे जोडायला दिली. कारकुनानं विचारलं, सभेची तारीख काय टाकू? शेठना त्याच वर्षीच्या आखाजीपासून बायांचं नवं साल धरायचं होतं, म्हणून तारीख मागची पाहिजे होती. “टाक मे महिन्यातली कुठलीही,” आबा म्हणाले, आणि न वाचता सही केली. वाचायला लाज वाटत होती.

पुढच्या अधिवेशनात दुरुस्ती आणू, असं त्यांनी ठरवलं होतं. मसुदाही लिहिला होता, तो अजून माळ्यावरच्या पेटीत होता. मग राज्यमंत्रिपद आलं. मग निवडणूक आली, आणि प्रचाराला जीपगाड्या शेठच्याच होत्या. मग ते पडले, आणि पडलेल्या आमदाराची दुरुस्ती कोण ऐकतो? दर आखाजीला मंजुळा बिल्ला जमा करून यायची, आठ दिवस त्यांच्या अंगणात झोका घ्यायची, तेच गाणं म्हणायची, आणि आबा ओसरीत बसून ऐकायचे. खाई त्याला खवखवे म्हणतात. पण चाळीस वर्षं खवखवलं की माणसाला त्याचीही सवय होते.

त्या संध्याकाळी त्यांनी इंदिराबाईंना सगळं सांगितलं. इंदिराबाई बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.

“म्हणजे मी दर आखाजीला तिची ओटी भरून पाठवायचे, आणि तिकडे ती पुन्हा पहिल्या दिवसापासून?”

“हं.”

“सांगून टाका. एक्क्याऐंशी वर्षांच्या माणसाला कोणी तुरुंगात टाकत नाही.”

“तुरुंगाचं नाही गं.”

“मग कशाचं?”

समोर टेबलावर गौरवग्रंथाची पानं पडली होती. इंदिराबाईंनी तिकडे पाहिलं आणि उठून आत गेल्या. त्या दिवसापासून त्यांनी आबांचा चहा थंड झाला तरी पुन्हा गरम करून दिला नाही.

दोन दिवसांनी मिलचे वकील हितेंद्र आले. निमित्त सत्काराच्या पत्रिकेचं. वाकून नमस्कार केला, पेढे ठेवले, आणि जाता जाता म्हणाले, “आबा, कोर्टात दोन मिनिटांचं काम आहे. सभा झाली होती, बस. नाही म्हणालात तर लोक विचारतील, मग अंगठे त्या कागदामागे आले कसे? सत्काराच्या तोंडावर कशाला हात दाखवून अवलक्षण?” हितेंद्रांना सगळं ठाऊक होतं किंवा त्यांनी बरोबर ताडलं होतं. आबांनी पेढा खाल्ला.

तरीही तारखेच्या दिवशी सकाळी निघताना आबांचं खरं बोलायचं ठरलं होतं, हे मान्य केलं पाहिजे. गाडी झुलाल चालवत होता, वीस वर्षांपासूनचा ड्रायव्हर. पारोळ्याला आबांनी विश्रामगृहाच्या फाटकाशी गाडी थांबवायला लावली. पाच मिनिटं काचेतून पाहत राहिले. “आज सांगून टाकतो,” स्वतःशीच म्हणाले. झुलालला वाटलं आपल्याला म्हणाले. “सांगा ना, आबा,” तो म्हणाला, आणि गाडी काढली. तिथून जळगावपर्यंत आबा वाक्यं जुळवत होते. ‘सभा झाली नाही. अंगठे दुसऱ्या कागदाचे आहेत. जोडले मी.’ तीन वाक्यं. आयुष्यात एवढं लहान भाषण त्यांनी कधी केलं नव्हतं.

माणसाला शिव्या दिल्या तर तो खरं बोलतो एखाद वेळेस. मान दिला की मेला. आबा कोर्टात शिरले तसे वकील उठून उभे राहिले. शेजारच्या कोर्टातले दोघं-तिघं दाराशी येऊन थांबले. न्यायाधीश तरुण होते. “आबासाहेब, आम्ही कॉलेजात तुमच्या कायद्यावर पेपर लिहिले आहेत,” ते म्हणाले, “यांना खुर्ची द्या.” खुर्ची आली, पाणी आलं. मागच्या बाकांवर म्हाताऱ्या बाया दाटीनं बसल्या होत्या, त्यांनी हात जोडले. सगळ्यात पुढे मंजुळाबाई होती. नवी कोरी साडी नेसून आली होती, भावाचा दिवस म्हणून.

आबांनी शपथ घेतली. नूतननं विचारलं, “बायांनी नवी भरती मान्य केली, अशी सभा चौऱ्याऐंशी साली झाली होती का?”

तीन वाक्यं जिभेवर होती. आबांनी दाराशी उभ्या वकिलांकडे पाहिलं, न्यायाधीशांकडे पाहिलं.

“झाली होती,” ते म्हणाले.

नूतनच्या हातातला कागद तसाच राहिला. मागे बायांना पहिल्यांदा कळलंच नाही. त्या एकमेकींना काय म्हणाले, काय म्हणाले, विचारू लागल्या. मंजुळाबाईनं काही विचारलं नाही.

हितेंद्र उठले. मूळ कागद दाखल केला आणि मोठ्यानं वाचला. “दिनांक तेरा मे एकोणीसशे चौऱ्याऐंशी, रविवार, सकाळी दहा वाजता, मिलच्या आवारात. ही सही आपलीच?”

“माझीच.”

“सभेला आपण स्वतः हजर होतात?”

“अध्यक्षाशिवाय सभा कशी होईल?” आबा म्हणाले. कोणी तरी हसलं. हसू ऐकलं आणि आबांची जुनी जीभ सैल सुटली. कोणी विचारलं नव्हतं तरी ते सांगू लागले. “उन्हं चढली होती. बाया ओळीनं बसल्या होत्या. माझी बहीण पहिल्या ओळीत. पहिला अंगठा तिचाच आहे, पाहा.”

मंजुळाबाई उठून उभी राहिली. शिपायानं तिला बसायची खूण केली, पण न्यायाधीशांनी हात वर करून त्याला थांबवलं.

“कोनती तारीख म्हनी साहेब?” तिनं विचारलं.

हितेंद्रांनी तारीख पुन्हा वाचली.

“भाऊ,” ती न्यायाधीशांकडे न पाहता आबांकडे पाहून म्हणाली, “माय आखाजीले गई. चार तारीख व्हती. तेराले तिना दहावा व्हता. रविवार व्हता म्हनीसन बठ्ठा गाव उना व्हता. तू बोरी नदीवर डोकं भादरीसन बठेल व्हता, नि मी तुना मांगे उभी व्हतू. मंग मिलमा पहिली ओळमा कोन व्हतं?”

आवाज चढवला नव्हता. खरंच विचारत असल्यासारखं विचारलं होतं.

आबांना नदी आठवली. ओल्या डोक्यावरचं ऊन आठवलं, पिंडाला कावळा शिवेना तेव्हा मागून मंजुळाच म्हणाली होती, माय, तुझी मंजी आलीय, घे. सगळं आठवलं, पण ती सांगेपर्यंत तारीख आठवली नव्हती. सातव्या कलमाचा प्रत्येक स्वल्पविराम ठाऊक असलेल्या माणसाला आईच्या दहाव्याची तारीख ठाऊक नव्हती. आणि हीच आई दोनशे सभांत रडून सांगितलेली.

“आबासाहेब?” न्यायाधीश म्हणाले.

अजूनही वेळ होती. तीन वाक्यं अजून तिथंच होती.

“फार वर्षं झाली,” आबा म्हणाले. “आता नक्की आठवत नाही.”

“वयोमान आहे, सर,” हितेंद्र लगेच म्हणाले. न्यायाधीशांनी काही लिहून घेतलं आणि नूतनला ग्रामपंचायतीतून मृत्यूचा उतारा आणायला सांगितला. आबांकडे त्यांनी पुन्हा पाहिलं नाही.

बाहेर पायऱ्यांवर बाया घोळक्यानं उतरत होत्या. एकीनंही आबांना वाईट शब्द ऐकवला नाही. वाट देऊन बाजूला सरत होत्या, मोठ्या माणसाला देतात तशी. “मंजू,” आबा म्हणाले, “गाडीत बस, घरी सोडतो.” “रिक्षा शे,” ती म्हणाली, आणि तीन बायांबरोबर रिक्षात बसून गेली.

पुढच्या तारखेला उतारा आला, आणि मिलनं तो कागद निमूट मागे घेतला. केस बायांच्या बाजूनं वळली. सुंठीवाचून खोकला गेला म्हणावं तर तसं नव्हतं. सुंठ आबांच्या खिशातच होती, त्यांनी काढली नाही, आणि काम त्यांच्यावाचून झालं. जळगावच्या पेपरात आतल्या पानावर चार ओळी आल्या. धुळ्याच्या आवृत्तीत त्या जागी सत्काराची जाहिरात होती.

सत्कार झाला. मंडप खच्चून भरला. आबा व्यासपीठावर बसून वाट पाहत होते की आता कोणी उठेल, आता कोणी विचारील. कोणी विचारलं नाही. ज्यांनी वाचलं होतं तेही हार घेऊन रांगेत होते. तरुण शेठनी पगडी घातली. एक पुढारी म्हणाला, आबांनी खानदेशच्या लेकींना माहेर दिलं, आणि टाळ्या पडल्या. योगेंद्र कानाशी वाकून म्हणाले, “आबा, ते कोर्टाचं जरा... पुढच्या आवृत्तीत पाहू.” पुढच्या आवृत्तीत! आबांना हसू आलं. ज्या नावासाठी खोटं बोलले ते नाव जागच्या जागी होतं. कोणी त्याला हातही लावला नव्हता. आणि आता ते त्यांना स्वतःलाच नको झालं होतं.

दुसऱ्या दिवशी आखाजी. एरवी मंजुळाबाईला आणायला झुलाल दोन दिवस आधी जायचा, मुराळी म्हणून. यंदा आबांनी राग निवावा म्हणून थांबवलं होतं. सकाळी इंदिराबाई म्हणाल्या, “तुम्ही स्वतः जा. पाय धरा तिचे.”

“दुपारी पाहुणे यायचे आहेत,” आबा म्हणाले.

झुलाल गेला. इंदिराबाईंनी साडी दिली होती, मंजुळाला आवडते तशी हिरवी. अंगणात कडुनिंबाला झोका बांधून झाला. आईच्या नावाची घागर भरली, तिच्यावर डांगर, म्हणजे खरबूज ठेवलं, दोन आंबे ठेवले. पाहुणे कोणी आले नाहीत. दुपार कलली. आबा रस्त्याकडे तोंड करून बसले होते, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या गाडीचा आवाज आला की मान वर करत होते. चौऱ्याऐंशीत त्यांची आई अशीच बसली होती.

चार वाजता गाडी आली. झुलाल एकटाच उतरला. मागच्या सीटवर साडी घडीसुद्धा न मोडता पडली होती.

“घरी नव्हती का?” आबांनी विचारलं.

“होत्या ना. गल्लीतल्या बायांनी झोका बांधलाय, त्यावरच बसल्या होत्या. बठ्ठ्या मिलच्याच बाया. मला रस-पोळी खाऊ घातली पोटभर.” झुलाल चपलेनं माती उकरत राहिला. “निरोप दिलाय. त्यांच्याच शब्दांत सांगू?”

“सांग.”

“म्हणाल्या, भाऊले सांग, आखाजीले साल सरस. मनं बी सरनं. मांगलं काही मोजानं नही, हाई रीत त्यानीच लावेल शे. आवंदा मी नवं साल धरत नही.”

इंदिराबाई दारात येऊन उभ्या होत्या. त्यांनी तोंडाला पदर लावला आणि आबांकडे पाहिलं, आता तरी हे उठतील म्हणून. आबा उठले नाहीत. ते सालदाराच्या घरात वाढले होते. आखाजीच्या दिवशी सालदारानं नाही म्हटलं की मालकानं काय करायचं असतं, ते त्यांनी लहानपणी बापाच्या शेजारी बसून पाहिलं होतं. मालक थोडा वेळ दारात उभा राहतो आणि निघून जातो.